रांगेच्या टोकाची जोड

आधी आवाज यायचा. आई मागाहून.

द्राक्षाच्या मांडवाखाली, पानांच्या त्या हिरव्या छताखाली, मी गोधडीवर पडलेली असायचे. सहा-सात वर्षांची. पानांमधून उन्हाचे ठिपके गळायचे, मी ते मुठीत धरायला बघायचे, आणि कुठल्या तरी लांबच्या रांगेतून आईचा आवाज तरंगत यायचा –

वेलीच्या आड बाई, कोन गं उभा राहिला…

एवढंच. पुढचं पद आई कधीच गायची नाही. ते तिचं नव्हतंच मुळी. जिच्या हातातली वेलींची रांग पुरी होई, ती टोकाला उभी राहून ओवी पुरी करायची. कधी कुसामावशी, कधी अंबूबाई. प्रत्येकीचं पद वेगळं, त्या घडीला सुचेल तसं. मजुरीला आलेल्या टोळीतल्या बायका त्याला ‘जोड देणं’ म्हणायच्या. जोड आली की सगळ्या हसायच्या, आणि आई नवी ओवी उचलायची.

एकदा मीच गोधडीवरून जोड देऊन टाकली. काय गायले ते आठवत नाही. साऱ्या रांगा खदखदून हसल्या होत्या एवढं आठवतं. आई मात्र वाकत वाकत आली, ओल्या बोटांनी माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, “उजे, रांग पुरी झाल्याबिगर जोड देऊ नाय. खोटी जोड व्हती ती.”

मग सुरगाण्याकडची आश्रमशाळा आली. दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस तेवढे मांडवाखाली जायचे, आईच्या हाताला हात लावायचा. पुढे नाशिक आलं… इंदिरानगरातली चष्म्याच्या दुकानातली नोकरी आली. दिवसभर मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचे. “आता स्पष्ट दिसतंय का? आणि आता?” तो मांडव मी विसरले नव्हते. कुणाला सांगितला नव्हता, इतकंच.

*

ऑगस्टातला रविवार होता. कम्युनिटी कॉलेजात व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदविकेचा पहिला तास. आमच्यासारख्या पोटापाण्याला लागलेल्यांचं कॉलेज ते; शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी भरायचं. कुणी बँकेच्या काउंटरवरून आलेलं, कुणी नाशिक रोडच्या छापखान्यातली पाळी करून.

योगिनी मॅडमनी फळ्यावर ‘नियोजन’ लिहिलं आणि दारात कुणीतरी रेनकोट झटकला.

“इथं कुणी बसलंय?”

“बसलं असतं तर दिसलं असतं,” मी म्हटलं.

तो हसला. हसताना आधी डोळे हसायचे त्याचे, ओठ जरा उशिरा पोचायचे. बाकावर त्याने वही ठेवली, आणि माझी नजर त्याच्या बोटांवर अडली. निळी. नखांच्या कडांपर्यंत निळसर झालेली बोटं…

बोर्डो! मोरचूद नि चुना. पावसाळ्यात द्राक्षबागेला फवारतात ते. तो रंग मी झोपेतही ओळखला असता. शब्द अगदी जिभेवर आला – आणि का कोण जाणे, मी म्हणून गेले, “शाई सांडली वाटतं.”

“शाई?” त्याने हात उलटेसुलटे करून पाहिले. “छे हो. बोर्डो म्हणतात याला. द्राक्षाचं औषध. दिंडोरीला बाग आहे आमची. तुम्ही नाशिकच्याच का?”

“इंदिरानगर,” मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

“म्हणजे द्राक्ष फक्त ताटलीत पाहिलेली.”

“धुतलेली,” मी म्हटलं, आणि तो पुन्हा हसला – आधी डोळे, मग ओठ.

असा सुरू झाला आमचा बाक.

दर रविवारी तो मला द्राक्ष शिकवायचा. छाटणी म्हणजे काय, काडीला जिथून कोंब फुटतात त्यांना डोळे का म्हणतात. मी गाल हातावर टेकून ऐकायचे. मुद्दाम वेड्यासारखं विचारायचे, “डोळे? मग नंबर लागला तर चष्मा कोण देतं त्यांना?” तो म्हणायचा, “तुमच्या दुकानात पाठवतो.” कधीकधी तो चुकायचा, चांगलाच चुकायचा. मी जीभ चावून गप्प राहायचे. आपल्याला ठाऊक असलेलं कुणीतरी इतक्या मायेने समजावून सांगावं… यातही एक गोडी असते. ती गोडी मला सोडवत नव्हती.

सप्टेंबरात तो ‘तू’वर आला. मी मात्र ‘तुम्ही’वरच. आणि नाव तर मी घेतच नव्हते.

“अहो, ऐका ना… ती वही द्या जरा.”

“माझं नाव ‘अहो ऐका ना’ नाहीये.”

“मग?”

“हजेरीत आहे बघ. ललित. तीन अक्षरं. एकही जोडाक्षर नाही. घेऊन तर बघ.”

“घेईन कधीतरी.”

“आमच्याकडे बायका फक्त एकाच माणसाचं नाव घ्यायला लाजतात,” तो वहीत बघत, अगदी साळसूदपणे म्हणाला.

माझे कान तापले. बाहेर पाऊस पत्र्यावर बोटं वाजवत होता. योगिनी मॅडम म्हणत होत्या, “संवादाचे प्रकार किती?” – आणि आम्ही दोघं एकाच पानावर दोन वेगळ्या कोपऱ्यांत उगीचच रेघोट्या ओढत होतो.

*

दसऱ्याच्या आधी प्रकल्प वाटले गेले. एका बाकाला एक. आमच्या वाट्याला ‘कामाच्या वेळेचा अभ्यास’ आला. खऱ्या कामाच्या जागी जाऊन नोंदी करायच्या आणि सुधारणा सुचवायच्या.

“आमची बाग घेऊ,” ललित म्हणाला. “मी नोंदी करतो, तू लिही. अक्षर तुझं चांगलं आहे. सुरगाण्याची टोळी येते आमच्याकडे, भागीबाईंची. वीस-बावीस वर्षं झाली. कादवेच्या काठाला, चिंचेखाली झोपड्या घालतात बघ –”

माझा पेन थांबला.

ती चिंच. तिच्या फांदीला माझी झोळी होती.

त्याच क्षणी म्हणायचं होतं, अहो, भागीबाई माझी आई. चार शब्द. पण त्या चार शब्दांनंतर तो माझ्याकडे कसा बघेल? आज मी त्याच्या शेजारी बसत होते, एका बाकावर, खांद्याला खांदा. उद्या त्याच्या नजरेत मी बाकावरून उठून मांडवाखालच्या गोधडीवर जाऊन बसले तर? आईची मला लाज नव्हती… देवाशप्पथ नव्हती. भीती त्याच्या डोळ्यांची होती. ते आधी हसायचे ना, ते हसायचे थांबले तर?

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. शाई संपली.”

दुसऱ्यांदा शाईच्या आड लपले मी.

नोव्हेंबरात आईचा फोन आला. “उजे, यंदा मालकाचा पोरगा घड्याळ धरून मागं मागं फिरतो. एक घड बुडवाया किती येळ, दोन घड बुडवाया किती येळ. कुसा म्हनती, याला बायकू बघा रं, मंग घड्याळ सुटंल हातातलं.”

मी इतकी हसले की समोर बसलेल्या गिऱ्हाइकाने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“पर पोरगा गुनाचा हाय हां,” आई म्हणाली. “परत्येकीला आहो-जाहो करतो.”

“हं,” मी म्हटलं. “असेल.”

“असंल काय? हायेच.”

तिलाही नाही सांगितलं मी.

पुढच्या शनिवारी ललित नोंदी घेऊन आला. कॉलेजसमोरच्या टपरीवर चहाचे दोन ग्लास, मध्ये त्याची वही. डिपिंगचे दिवस होते. मगात औषध घ्यायचं आणि एकेक कोवळा घड त्यात बुडवून काढायचा, असं रांगेमागून रांग. त्याने प्रत्येक रांगेची मिनिटं लिहिली होती, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाने एकच शब्द – ‘गाणं’.

“बघ. रांग संपली की बाई थांबते, गाते, बाकीच्या हसतात. मग पुढची रांग. दिवसाकाठी पाऊण तास जातो. अण्णांशी बोललोय मी. दोन दिवस गाणं बंद ठेवून बघू, प्रयोग म्हणून.”

“राहू द्या ना गाणं,” मी म्हटलं.

“का?”

उत्तर माझ्या ओठांशी होतं. अहो, तो वेळ जात नाही. ती जोड म्हणजे निरोप असतो – ही रांग झाली, आता कुणी हिला हात लावू नका. भागीबाई कोपऱ्यात उभी राहून आवाजावरून सगळी बाग बघते. मांडवाखाली दहा हातांवरचं दिसत नाही. दिसतं ते कानाला…

“छान वाटत असेल त्यांना,” मी म्हटलं.

“छान वाटणं कुठल्या रकान्यात लिहू?” तो हसत म्हणाला. मग जरा थांबून, ग्लासात बघत – “मला पण छान वाटतं. शनिवार-रविवार. ते तरी कुठल्या रकान्यात लिहितोय मी…”

चहा गार होत होता. मी काही म्हणायला हवं होतं. दोन्ही गोष्टींवर. एकीवरही म्हटलं नाही.

*

आठ दिवसांनी, रविवारी, कॉलेजला सुट्टी होती. सकाळी सातला त्याचा फोन.

“उज्वला, येतेस का दिंडोरीला? प्रकल्प पार झोपलाय. काय चुकलं तेच कळत नाहीये मला.”

बसमधून उतरले तर स्टँडवर धुकं होतं, आणि धुक्यात तो, मोटरसायकलला टेकलेला. मफलर त्याने काढून माझ्या हातात दिला. “वारं लागेल.” मी मागे बसले. हात मांडीवर घट्ट धरून. पण कादवेच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे, आणि पहिल्याच खड्ड्याला माझा हात त्याच्या खांद्यावर गेला. दुसऱ्या खड्ड्याची वाट न बघता हात तिथेच राहिला. त्याने गाडी हळू केली.

दोन्ही बाजूंना बागा. धुकं मांडवांवर दुलईसारखं पसरलेलं. मला वाटलं, हा रस्ता असाच चालत राहावा, बाग कधी येऊच नये…

बाग आली.

मांडवाखाली शुकशुकाट. एवढ्या बायका कामाला, आणि पानांवरून थेंब पडल्याचा आवाज यावा! बांधावर ललितचे वडील उभे होते, रावजी अण्णा. पांढरी टोपी, कपाळाला आठ्या.

“दोन रांगा दोन-दोनदा बुडवल्यात,” ललित हळूच म्हणाला. “तीन कोरड्याच राहिल्यात. त्या पाच रांगांचं यंदा काय होतंय कोण जाणे. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.”

“भागीबाई थकली आता,” अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. “वय झालं तिचं. आवंदा राहू दे. पुढच्या सालाला दुसरी टोळी बघू.”

मी मांडवाकडे पाहिलं.

आईचा हा मांडव. बावीस वर्षांचा. चिंचेखालची तिची चूल. आणि तो जाणार होता – तिच्या थकव्याने नाही. टपरीवर मी गिळलेल्या त्या एका उत्तराने.

“त्या थकलेल्या नाहीत,” मी म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. “चूक त्यांची नाही, अण्णा. गाणं थांबवलं ना, त्यानं झालं हे. रांग पुरी झाली की बाई जोड देते, म्हणून बाकीच्यांना कळतं कुठली रांग झाली. आम्ही त्याला वाया गेलेला वेळ म्हणून लिहिलं.”

अण्णांनी टोपी मागे सरकवली. ललित माझ्याकडे बघत होता.

“तुला कसं माहीत?”

“कोरड्या रांगा कुठल्या?” मी विचारलं. त्याने बोट दाखवलं. मी ओढणी कमरेला खोचली, बांधावरचा औषधाचा मग उचलला आणि मांडवाखाली शिरले. मागून त्याचा आवाज आला, “अगं, तुला जमेल का? तसं नाही, घड असा –” आणि मध्येच थांबला.

कारण हात चालू लागले होते. मग वर, घड आत, हलका झटका, पुढचा घड. विसरले असतील असं वाटलं होतं. हात कशाला विसरतात!

तो पलीकडच्या रांगेतून माझ्याबरोबर चालू लागला. आमच्या मध्ये फक्त वेल. पानांच्या फटीतून कधी त्याचा खांदा दिसे, कधी डोळा.

“उज्वला.”

“हं.”

“बोर्डो… तेव्हाही माहीत होतं तुला?”

“हो.”

चार वेली पुढे जाऊन तो एकदम थांबला.

“आणि मी तीन महिने तुला द्राक्ष शिकवत होतो!”

“छान शिकवता. थोडं चुकता.”

“कुठं?”

“छाटणीत. डोळे मोजण्यात. बऱ्याच ठिकाणी.”

पानांमागे तो हसल्याचं ऐकू आलं. मग हसू थांबलं. “तू कोण आहेस गं?”

“रांग पुरी होऊ द्या,” मी म्हटलं. “मग सांगते. अण्णांना तेवढं म्हणा, भागीबाईंना गाऊ द्या.”

त्याने बांधाकडे वळून आवाज दिला. अण्णा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळाने दूर कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. आईचा. गाण्याआधी ती नेहमी खाकरते.

वेलीच्या आड बाई, कोन गं उभा राहिला…

धुक्यातून तो आवाज आला आणि मी पुन्हा सहा वर्षांची झाले. तेच पद! ओवी लोंबकळत राहिली. कुणी जोड देईना. दोन दिवसांची बंदी, बांधावर उभे मालक… बायका बिचकल्या होत्या. आईने पुन्हा तेच म्हटलं, थोडं हळू. कुणीच नाही.

माझ्यापुढे अजून सहा वेली होत्या. घाई केली नाही. खोटी जोड द्यायची नव्हती मला, या वेळी तरी. पाच… चार… बोटं गारठली होती. धुकं विरत होतं आणि पानांमधून उन्हाचा पहिला ठिपका माझ्या मनगटावर पडला. दोन. एक. शेवटचा घड मगातून वर आला, त्याच्या टोकाला औषधाचा थेंब थरथरला आणि पडला.

रांग पुरी झाली.

मी टोकाला उभी राहिले. पलीकडे तोही येऊन थांबला, वेलीच्या आड, अगदी पदातल्यासारखा. आईने तिसऱ्यांदा ओवी टाकली, आणि मी मान वर करून, साऱ्या बागेला ऐकू जाईल असं गायले –

भागीबाईची लेक म्या, ललित डोळाभर पाहिला!



मग कुठल्याशा रांगेतून कुसामावशी किंचाळली, “आगं, नाव घेतलं! पोरीनं नाव घेतलं!” आणि सारा मांडव हसायला लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लांबून आईची हाक आली, हसावं की रडावं न कळलेली, “उजे…? तू व्हय गं?”

“व्हय, आई! म्याच!”

पानं बाजूला झाली. ललित वाकून अलीकडे आला. केसांत दव, गळ्यात दोरीला लटकवलेलं ते घड्याळ, अजून चालूच. माझ्या ओल्या बोटांकडे त्याने पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याचे डोळे बघत होते. आधी ते… हं. आधी तेच हसले.

“भागीमावशींची उजी,” तो म्हणाला. “चिंचेला झोळी होती ती?”

मी मान हलवली.

“मग अण्णांना सांगून टाकतो, टोळी बदलायची नाही. आणि आणखी एक सांगायचंय.” ओठ आता कुठे डोळ्यांपाशी पोचत होते. “नाव नीट ऐकू नाही आलं मला. गाण्यात होतं ना. साधं म्हणून दाखव.”

“आधी ते घड्याळ बंद करा.”

त्याने घड्याळ बंद केलं. आता बागेत नुसता बायकांच्या हसण्याचा आणि थेंबांचा आवाज होता, आणि आमच्या मध्ये वेलही नव्हती.

“ललित,” मी म्हटलं.